सांबार कांदा आणि कागदी लिंबू : काढणीच्या तोंडावर दुकानाची पायरी चढू नका

मार्च लागला की परसबागवाल्यांचे फोन सुरू होतात. हवेली आणि पुरंदरकडून आलेले तीन प्रश्न एकाच वळणाचे आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : सांबार कांदा (शॅलट) लावून साठ दिवस झाले. पात हिरवीच आहे, कांदा लहान वाटतो. दुकानदार म्हणतो युरिया टाका आणि फुगवणीचं औषध मारा. मारू का?

नका मारू. या वयात युरिया पडला की पात पुन्हा तरारते, मान (पात कांद्याला जुळते ती जागा) जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. कोंब तरी काढतो, नाहीतर मानेतून सडतो. तुमचा कांदा लहान राहिलेला नाही, त्याची जातच लहान. एका कंदाचे पाच-सात कांदे होणार, ते फुरसुंगीच्या मोठ्या गरव्या कांद्याएवढे कुठल्याही बाटलीने होत नाहीत. दुकानदारालाही हे ठाऊक असतं, पण त्याला बाटली खपवायची असते.

कंदापासून लावलेलं हे पीक साधारण 65 ते 75 दिवसांत येतं. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. निम्म्या माना आपोआप पडल्या की काढा. आपोआप म्हणतोय. पाय देऊन किंवा पिंप फिरवून पात लोळवणारे दरवर्षी भेटतात. त्याने मान मोडते, पिकत नाही, आणि चिरलेल्या जागेतून बुरशी आत शिरते.

आता माझा आग्रहाचा भाग. कांदा पातीसकट सुकवा. वाफ्यातच तीन दिवस असा पसरा की एका ओळीचे कांदे पुढच्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील. मग जुड्या बांधून दहा-बारा दिवस पडवीत वाऱ्यावर टांगा. मान चिमटीत धरून चोळून बघा. आत काही सरकलं, बोटाला ओल लागली, तर थांबा. कागदासारखी कुरकुरली की दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा. बुडाला लावून कापलीत तर सुकवण्याची सगळी मेहनत पाण्यात. वळीव आला म्हणून वर ताडपत्री टाकू नका, कांदा खाली घामेजतो. उचलून आत आणा. अजून शंका असेल तर राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथे विचारा. दुकानात नको.

प्रश्न : लिंबं तोडल्यावर दोन दिवसांत सालीवर तपकिरी डाग पडतात. दुकानदाराने बुरशी सांगून बुरशीनाशक दिलंय. किती टोपणं टाकू?

एकही नाही. सकाळी दवात तोडलीत ना? पहाटे साल पाण्याने टम्म असते. जरा दाबली की सालीतलं तेल फुटून बाहेर येतं आणि सालच भाजते. ही बुरशी नव्हे. दव उडाल्यावर, दहाच्या पुढे तोडा. ओढू नका, पिळू नका, कात्रीने देठाची टिकली ठेवून कापा. ओढल्यावर देठाजवळ साल फाटते आणि खरी बुरशी तिथूनच सुरू होते. काठीने झोडपणं तर बंदच करा. हस्त बहाराची (पावसाळा सरताना फुललेली) फळं तयार असतात तेव्हा त्याच फांदीवर आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) वाटाण्याएवढी फळं असतात, ती आधी गळतात.

झाडावर खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत तपकिरी ठिपके आणणारा रोग) खरोखर दिसला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम, तेही तोडणी झाल्यावर. तीसचे साठ केल्याने रोग दुप्पट वेगाने जात नाही, कोवळी पालवी मात्र करपते. टोपण हे माप नव्हे. कुठलंही औषध असो, फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते डब्यातल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते वाचा आणि बिल मागून घ्या. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून औषधच घेऊ नका.

हिरवी लिंबं पुडी घालून पिवळी करायचा सल्लाही एकांना मिळाला. कार्बाईडने फळं पिकवायला बंदी आहे, हे पहिलं. दुसरं, लिंबू म्हणजे आंबा नव्हे. तोडल्यावर ते पिकत नाही, त्यात थेंबभर रस वाढत नाही. साल गुळगुळीत, चकचकीत झाली, हिरव्यात पिवळी झाक आली की तोडा. फुलापासून तिथवर पाच-सहा महिने जातात. ते कोणी कमी करून देत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

प्रश्न : लिंबाखालीच कांद्याचा वाफा आहे. पाणी तोडायचं कसं?

चूक लावतानाच झाली. कांद्यासाठी पाणी तोडलंत आणि नंतर लिंबाला एकदम भरलंत, तर बारीक फळ गळतं. मग दुकानदार ‘गळीवर’ म्हणून संजीवक (झाडाच्या वाढीवर काम करणारं औषध) देतो. गळ पाण्याच्या ओढीची असेल तर त्याने थांबत नाही. यंदा वाफ्याच्या कडेला वरंबा घाला आणि लिंबाला त्याच्या आळ्यातच पाणी द्या. आळं दुहेरी करा. पाणी बाहेरच्या वर्तुळात, आतल्या वर्तुळात खोड कोरडं राहिलं पाहिजे, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ठरलेला. पुढच्या वर्षी वाफा झाडाच्या पसाऱ्याबाहेर.

योजनेचं थोडक्यात : राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अनुदानाला आपल्याकडे किमान 0.20 हेक्टर म्हणजे वीसेक गुंठे लागतात, परसातली दोन झाडं बसत नाहीत. कांदाचाळीच्या अनुदानाचं विचारूच नका. तुमच्या दोन पाट्या कांद्याला पडवीतला एक वासा पुरतो.