काळजीने भाजलेला हात भरत नाही का?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठून त्या दाराची कडी काढतात, म्हणून मी जागीच असते आणि 'त्या पडल्या तर दोष माझाच' हा विचार डोक्यातून जात नाही. छातीत धडधडते, जेवण घशाशी येते; महिन्यापूर्वी कुकरच्या वाफेने भाजलेला हात अजून भरलेला नाही. 'तू नको ते विचार करतेस म्हणून दुखणी मागे लागतात,' असे घरचे म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, मात्र त्यातला दोषारोप मला मुळीच मान्य नाही. संकटाची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, हृदय जोरात धडधडू लागते, आणि संकट टळले की हे सारे ओसरते. परंतु सासूबाई शांत झोपलेल्या असतानाही त्यांचे पडणे तुम्ही मनात पुन्हा पुन्हा पाहता, तेव्हा शरीराला ती उसंत मिळत नाही.

हाताविषयी सांगायचे तर, मानसशास्त्रज्ञ जेनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या इतर १३ स्त्रिया यांच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची जखम करून ती भरण्याचे दिवस मोजले, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांना ३९.३. अभ्यास लहान होता, आणि त्यात मोजला गेला तो शुश्रूषेचा भार, कुणाचा स्वभाव नव्हे. घरच्यांना हे अवश्य वाचून दाखवा.

तरीही सारे खापर मनावर फोडून थांबू नका. महिनाभर न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवून रक्तातील साखर तपासायलाच हवी; धडधडीसाठी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्या. धडधडीबरोबर छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालयात जा.

'दोष माझाच' हे वाक्य वहीत लिहा आणि त्याखाली त्या रात्री तुम्ही प्रत्यक्ष काय काय केले, तेही लिहा. हे एकटीने जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आठवड्यातून निदान तीन रात्री पतीने किंवा घरातील दुसऱ्या कुणी सासूबाईंच्या खोलीत झोपावे, आणि उरलेल्या रात्रींसाठी कडीला घुंगरू बांधावे, म्हणजे ते वाजेपर्यंत तुम्हाला डोळा लावता येईल.