उबुंटू लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप (खिडक्या, मेनू दाखवणारा भाग) काढून केडीई डेस्कटॉप टाकला, आता लॉगिन स्क्रीनच येत नाही. काय करू?

फॉरमॅट मारू नका, डेटा जागेवरच आहे. बिघडलाय तो बहुधा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम. ग्नोमसोबत जीडीएम३ येतो, केडीईसोबत एसडीडीएम. ग्नोमबरोबर जीडीएम३ पण गेला आणि एसडीडीएम सुरूच झाला नाही, तर दारावर कोणीच नाही!

काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. नुसत्या अक्षरांचं लॉगिन येईल. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. आधी 'डीएफ -एच' देऊन डिस्क गच्च भरली नाही ना ते बघा. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल एसडीडीएम', पाठोपाठ 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर एसडीडीएम' (कमांड अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत). यादी आली तर एसडीडीएम निवडा आणि रीबूट करा.

लॉगिन दिसतंय, पण बरोबर पासवर्ड देऊनही परत तिथेच आणून सोडतंय? मग दुखणं वेगळं. एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी पद्धत) सेशनमध्ये बऱ्याचदा होम फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही लपलेली फाइल रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याच्या, नावावर गेलेली असते. तिचं नाव बदलून ठेवा, नवी आपोआप तयार होते.