जुना सीडी प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो, घरी दुरुस्त होईल का?

बहुतेक वेळा होतो. लेझर गेला असं लगेच धरून चालू नका. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर बारीक तंतू उडतात आणि लेझर ज्या लेन्समधून सीडी वाचतो, तिच्यावर जाऊन बसतात.

प्लग काढा, झाकण उघडा. मसुराच्या डाळीएवढी, निळसर झाक मारणारी लेन्स दिसेल. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग कापसाच्या काडीवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अगदी हलक्या हाताने फिरवा. लेन्स नाजूक तारांवर टांगलेली असते, दाबली की कामातून गेली. थिनर तर अजिबात नको.

एवढ्यानं भागलं नाही, तर लेन्स ज्या दांडीवरून सरकते ती पाहा. जुनं ग्रीस धुळीनं चिकट होतं. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. ट्रे अडकत असेल तर रबरी पट्टा बदला.

पिकअपवरचा, म्हणजे लेन्स आणि लेझर बसवलेल्या भागावरचा, छोटा स्क्रू मात्र फिरवू नका. त्यानं लेझरची शक्ती बदलते, जास्त झाली की लेझरचा किरण तयार करणारा डायोड जळतो. आणि प्लेअर चालू असताना लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा हा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.