पाडव्याच्या सुमारास घर विकायचे आहे : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत जुना फ्लॅट विकू इच्छिणाऱ्यांची संख्या बरीच आहे आणि बहुतेकांच्या मनात मुहूर्त आहे तो गुढीपाडव्याचा. त्यामागे परंपरेइतकाच व्यवहारही आहे. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि पावसाळाही त्याच सुमारास लागतो. त्यामुळे मे महिन्यात सामान हलवता यावे असा हिशेब करणारी कुटुंबे फेब्रुवारी-मार्चमध्येच घरे पाहायला निघतात. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत.

प्रश्न : कोथरूडमध्ये 1994 साली बांधलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आम्ही मुलाकडे राहायला जाणार असल्यामुळे तो पाडव्यापर्यंत विकावा असे ठरवले आहे. एजंटचे म्हणणे असे की मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि नव्या टाइल्स केल्याशिवाय चांगला भाव येणार नाही, आणि त्याला सहा-सात लाख रुपये लागतील. यजमान म्हणतात, नुसता रंग दिला तरी पुरे. बेडरूमच्या छताला दर पावसाळ्यात ओल येते, ती रंगाखाली झाकली जाईल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे आधी त्याचेच उत्तर देतो. ओल रंगाखाली झाकली जात नाही. ओलसर गिलाव्यावर पुट्टी आणि रंग चढवला की आतले पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येते, रंगाला फुगे येतात आणि काही आठवड्यांतच पोपडे सुटू लागतात. शिवाय घरे पाहून सरावलेली माणसे वरच्या मजल्यावर आली की आधी छताकडे पाहतात, आणि एकाच खोलीचे छत ताजे रंगवलेले दिसले की त्यांना पुढे काही विचारावे लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ही दुरुस्ती बहुधा आपल्या खर्चाने करावी लागणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (शासनाच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी रोखणे आणि त्यामुळे खराब झालेला वरच्या मजल्यावरील छताचा गिलावा दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी असते. न्हाणीघर, संडास किंवा सिंकमधून होणारी आतली गळती मात्र सभासदाने स्वतः थांबवायची असते. तेव्हा सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत झाले पाहिजे, त्यानंतर छताचा भुसभुशीत झालेला गिलावा काढून नवा करावा लागेल, आणि नव्या गिलाव्याला वाळायला साधारण चार आठवडे द्यावे लागतील. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी त्या जागी प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. छताला टेकलेल्या बाजूने त्यावर पाण्याचे थेंब दिसले तर आणखी थांबावे. हा क्रम पाळला तर रंगकाम जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते, आणि पाडव्याला घर दाखवायचे तर तीच योग्य वेळ आहे. वॉटरप्रूफिंगचे बिल आणि हमीपत्राची प्रत संस्थेकडून मागून घेऊन फाइलमध्ये ठेवावी. मार्चमध्ये भिंती कोरड्या असतात हा आपला फायदा असला, तरी जाणते गिऱ्हाईक पावसाळ्यात काय होते हे विचारणारच, आणि तेव्हा तोंडी आश्वासनापेक्षा तो कागद उपयोगी पडेल.

सहा-सात लाखांच्या नूतनीकरणाला माझा स्पष्ट विरोध आहे. तीस वर्षांचा फ्लॅट घेणारे कुटुंब स्वयंपाकघर आणि फरशी बहुतेक वेळा आपल्या सोयीने बदलतेच. आपण निवडलेला रंग आणि आपण बसवलेल्या ट्रॉल्या त्यांना नको असतील, तर त्या काढून टाकण्याचा खर्चच ते भावातून कमी करायला सांगतील. घेणाऱ्याची बँक कर्ज देण्यापूर्वी जो मूल्यांकनकार पाठवते, तो क्षेत्रफळ, इमारतीचे वय, ठिकाण आणि बांधकामाची स्थिती यांकडे मुख्यतः पाहतो. फॉल्स सीलिंगमुळे त्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. उलट ओलीची खूण असलेल्या छताखाली नवे फॉल्स सीलिंग दिसले तर संशय वाढतो. एजंटचा सल्ला वाईट हेतूने दिलेला असेल असे नाही, पण तो पैसा त्यांच्या खिशातून जाणार नाही इतके लक्षात असू द्यावे.

यजमानांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, फक्त त्यात किरकोळ दुरुस्तीची भर घालावी. गळणारे नळ आणि फ्लश, न्हाणीघरातल्या टाइल्समधले काळवंडलेले ग्राउटिंग, तुंबणारी नहाणी ट्रॅप, फुगून चौकटीला घासणारे दार, न लागणाऱ्या खिडक्यांच्या कड्या, पिवळे पडलेले स्विच आणि गंजलेले ग्रिल ही सगळी कामे मिळून नूतनीकरणाच्या खर्चाच्या एका लहानशा भागात होतात. त्यांचा परिणाम मात्र मोठा असतो, कारण घर पाहणारा माणूस नळ सोडून पाहतो, दार लावून पाहतो, आणि या दोन-तीन गोष्टींवरून न दिसणाऱ्या वायरिंगचा आणि पाइपांचा अंदाज बांधतो. वायरिंग मूळचे असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि फ्यूज असतील तेथे एमसीबी (बिघाड होताच आपोआप बंद होणारे स्विच) बसवून घ्यावेत. सगळ्या घराला एकच फिका रंग द्यावा. हॉलच्या एका भिंतीला गडद रंग देण्याची हौस पुढच्या मालकासाठी ठेवावी.

त्यानंतर सामान कमी करायचे आहे, आणि अनुभव असा की हेच काम सर्वांत जास्त रेंगाळते. माळे, दिवाणाखालचे कप्पे आणि ड्राय बाल्कनी रिकामी केल्याशिवाय घराचा खरा आकार दिसत नाही. मुलाकडे जे न्यायचे नाही ते आताच देऊन टाकावे. देवघर हलवण्याची काही गरज नाही. औषधे, दागिने आणि बँकेची कागदपत्रे मात्र घर दाखवण्याच्या दिवसांत बाहेर ठेवू नयेत.

वरच्या मजल्यावरचे घर मार्चमध्ये दुपारी तापते. म्हणून पहिली भेट सकाळची ठेवावी. पण कोणी दुपारी पुन्हा यायचे म्हटले तर नाही म्हणू नये, कारण तेथे राहायला येणाऱ्याला ते कळणारच आहे. पाणी किती वेळ येते, पार्किंग संस्थेच्या नोंदीत आपल्या नावावर आहे का आणि मासिक देखभाल किती, हे तीन प्रश्न प्रत्येक जण विचारतो, त्यामुळे त्यांची उत्तरे आपण दोघांनी एकसारखी द्यावीत. चटई क्षेत्राचेही तसेच आहे. आपल्या 1994 च्या करारात बहुधा बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून मोजलेले) क्षेत्र लिहिलेले असेल, तर आजचे गिऱ्हाईक रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र विचारते. एखाद्या वास्तुविशारदाकडून घर मोजून घ्यावे आणि तोच आकडा सर्वांना सांगावा.

प्रश्न : डोंबिवलीतला फ्लॅट वडिलांनी 1988 मध्ये घेतला होता. त्यांचे मृत्युपत्र नाही. नामनिर्देशनामुळे संस्थेने भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईचे नाव चढवले आहे. आम्ही दोघी बहिणी, थोरली अमेरिकेत असते. रंगकाम सुरू केले आहे. भागदाखला आईच्या नावावर असल्यामुळे विक्रीला अडचण नाही, असे संस्थेचे पदाधिकारी सांगतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. रंगकाम चालू राहू द्या, पण घर विक्रीसाठी तयार झाले असे समजू नका. नामनिर्देशनामुळे संस्थेला कोणाशी व्यवहार करायचा एवढेच ठरते, मालकी ठरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर नामनिर्देशित व्यक्तीला, वारस ठरून सभासद होईपर्यंत, तात्पुरती सभासद मानले जाते. मृत्युपत्र नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि आपण दोघी बहिणी यांचा त्या घरात प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे (वडिलांच्या आई आज हयात असतील किंवा वडिलांच्या मृत्यूच्या वेळी हयात असतील, तर त्यांचा वाटा धरून हिशेब बदलेल). घेणाऱ्याचे वकील आणि त्याची बँक हे पहिल्याच बैठकीत विचारतील.

मार्ग दोन आहेत. बहिणींना वाटा नको असेल तर आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, आणि वाटा हवा असेल तर विक्रीच्या दस्तावर तिघींनीही विकणारे म्हणून सही करावी. थोरल्या बहिणीला येता येणार नसेल तर तिने अमेरिकेत कुलमुखत्यारपत्र करून ते भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण) करून पाठवावे, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे. ती विकणाऱ्यांपैकी एक राहिली आणि करासाठी अनिवासी ठरत असेल, तर तिच्या वाट्याच्या रकमेवर घेणाऱ्याला नेहमीच्या 1 टक्क्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो. कमी दराने कपात व्हावी यासाठी प्राप्तिकर विभागाकडे आधी अर्ज करता येतो, पण तो सौदा ठरण्याच्या बराच आधी केला तरच उपयोगी पडतो.

मूळ करार, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू उतारा), इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि विजेची अलीकडची बिले, वडिलांचा मृत्यू दाखला आणि जुने कर्ज असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र हे सर्व एका फाइलमध्ये लावावे. काही बँका न्यायालयाचा वारस दाखलाही मागतात आणि त्याला काही महिने लागू शकतात, म्हणून वकिलांना हे आताच विचारून घ्यावे. रंग पंधरा दिवसांत होतो, हे काम त्या वेगाने होत नाही.

प्रश्न : पाडव्याला करार करणे चांगले की अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबावे? करात काही फरक पडतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शुभाशुभाचा निर्णय आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावा, दोन्ही दिवस साडेतीन मुहूर्तांपैकीच आहेत. हिशेबात मात्र फरक आहे. पाडवा कधी 31 मार्चच्या अलीकडे येतो, तर कधी पलीकडे. 2024 मध्ये तो 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला. अक्षय्य तृतीया नेहमी नव्या आर्थिक वर्षातच येते. विक्री मार्चमध्ये पूर्ण झाली तर भांडवली नफा त्याच वर्षाच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, आणि नव्या घरात न गुंतलेली रक्कम करसवलत टिकवण्यासाठी बँकेच्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवायला विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जेमतेम चार महिने मिळतात. एप्रिलमध्ये विक्री झाली तर तेच काम पुढच्या वर्षीच्या मुदतीपर्यंत लांबते. दुसरे तयार घर घेण्यासाठी दोन वर्षांची आणि बांधण्यासाठी तीन वर्षांची जी मुदत आहे, ती मात्र विक्रीच्या तारखेपासूनच मोजली जाते.

घेणाऱ्याची घाई नेमकी उलट दिशेची असते. ज्यांवरून मुद्रांक शुल्क ठरते ते वार्षिक मूल्यदर तक्ते (रेडी रेकनर) 1 एप्रिलला बदलू शकतात. दोन वर्षे तेच राहिल्यानंतर 2025 मध्ये ते वाढले. त्यामुळे मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी उसळते. मुद्रांक शुल्क भरून 31 मार्चपूर्वी दस्तावर सह्या झाल्या असतील तर नोंदणी त्यानंतर चार महिन्यांच्या आत करता येते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असेल तर निष्कारण धावपळ टळते.

23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला निर्देशांकाशिवाय 12.5 टक्के किंवा निर्देशांकासह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) 20 टक्के यांपैकी जो कर कमी पडेल तो भरता येतो. दोन्ही प्रकारे आकडे काढून पाहावेत. दलाली विक्रीच्या खर्चात धरता येते. विक्रीपूर्वीचा रंग ही देखभाल असल्यामुळे ती घराच्या किमतीत मिळवता येत नाही. आधीच्या काळात बांधकामात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणेची बिले जपली असतील तर ती सनदी लेखापालाला दाखवावीत.

प्रश्न : ना-हरकत दाखल्यासाठी संस्थेने एक लाख रुपये ‘देणगी’ मागितली आहे. द्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : देऊ नये. शासनाच्या 2001 च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (संस्था घेते ते ट्रान्सफर प्रीमियम) 25,000 रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि देणगी किंवा अन्य नावाने वरची रक्कम मागणे हा त्याचाच भंग आहे. त्याशिवाय 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि नव्या सभासदाचे 100 रुपये प्रवेश शुल्क एवढेच देय आहे. आदर्श उपविधींनुसार विक्रीसाठी ना-हरकत दाखला सक्तीचा नाही. तो बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बँकेला हवा असतो. आपण हस्तांतरणाची 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी, थकबाकी असल्यास ती चेकने भरून पावती घ्यावी आणि दाखल्याची मागणीही लेखी करावी. तरीही अडवणूक झाली तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अधिमूल्य कोणी भरायचे हे कायद्याने ठरवलेले नाही, म्हणून बयाणा घेण्यापूर्वीच ते घेणाऱ्याशी बोलून करारात लिहून घ्यावे.