त्रास न देणारा भाचा

"आम्ही त्याला आमच्या मुलीसारखंच वागवतो, तरी तो परक्यासारखा राहतो, आमचं काय चुकतंय?" बहीण-भावाचे मूल सांभाळणारी अनेक जोडपी हा प्रश्न घेऊन येतात. त्यांपैकी सातारा जिल्ह्यातील एका मामा-मामींचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे देत आहे.

वडील पूर्वीच अपघातात गेलेले, त्यात आईही आजारपणात गेली, म्हणून नऊ वर्षांचा हा मुलगा मामाकडे आला. तो हट्ट करत नसे, मामेबहिणीशी भांडत नसे, त्याला अभ्यासाला बस म्हणावे लागत नसे. मात्र दुसरी पोळी वाढायला गेले की तो ताटावर हात आडवा धरी, फ्रिजमधले पाणीही विचारून घेई, आणि कपाटात एक कप्पा रिकामा करून दिलेला असूनही त्याचे कपडे, नीट घड्या घातलेले, येताना आणलेल्या पिशवीतच असत. मला त्याच्या शहाणपणाची काळजी वाटली ती या पिशवीमुळे. ज्याचे आई-वडील दोघेही गेले, त्याला हे घरही सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. चुकलो तर पाठवून देतील, या धास्तीने असे मूल पाहुण्यासारखे वागते.

एकटा भेटला तेव्हा त्याने मला विचारले, "आजी म्हणते, मामीचे उपकार विसरू नकोस. विसरलो तर?"

म्हणून सुरुवात आजीपासून केली. उपकार हा शब्द घरात नको, हे तिला मामांनीच समजावले. त्यानंतर दोघांनी त्याला स्पष्ट सांगितले, आणि पुढे अनेकदा सांगावे लागले, की तू इथेच राहणार आहेस. चुकलास तर रागावू, पण कुठेही पाठवणार नाही. पोरक्या मुलाला रागावणे मामींना पाप वाटे. पण मुलीला ज्या गोष्टीसाठी बोलणी बसतात, त्याच गोष्टीसाठी त्याला मोकळे सोडले की तो घरचा नाही हेच त्याला कळते. तो रडू नये म्हणून आईचा फोटो आत ठेवला होता, तो बाहेर काढायला सांगितला. मामींना 'आई' म्हणायला लावण्याचा नातेवाइकांचा आग्रहही थांबवला, कारण त्या हाकेत आईला सोडून दिल्यासारखे त्याला वाटत होते. इकडे मुलीचीही कुचंबणा होत होती, तेव्हा मामींनी तिच्या एकटीसाठी रोज थोडा वेळ राखून ठेवला.

काही महिन्यांनी टीव्हीच्या रिमोटवरून तो आणि मामेबहीण कडाक्याने भांडली. 'तो बिघडला' म्हणून मामी घाबरल्या. मला मात्र तो घरात रुळू लागल्याची ती खूण वाटली. आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तो पुन्हा मिटून गेला, त्याला आम्ही घाई केली नाही.

कागदपत्रांचे काम मात्र लवकर करावे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. कायदेशीर पालकत्वासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. योजनेच्या कामात बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे पोरक्या व गरजू मुलांच्या सांभाळाबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, मुलाला न्यावे लागले, तर तिथे कशासाठी जायचे आहे आणि संध्याकाळी सगळे मिळून घरीच यायचे आहे, हे त्याला आदल्या दिवशी सांगावे. नाहीतर समितीचे नाव ऐकताच आपल्याला वसतिगृहात ठेवायला नेत आहेत, अशी त्याची समजूत होते.