एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) असलेल्या मांजराला गजकर्ण झालंय, काय करू?

आधी घरातली गजकर्णाची ट्यूब लपवून ठेवा. अशा ट्यूबांत बरेचदा स्टेरॉइड असतं; खाज थांबते, बुरशी पसरतच राहते. वर मांजर ते चाटणार. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीवरचं औषध तर एफआयव्हीत नकोच, पांढऱ्या पेशी धोकादायक घसरू शकतात. डॉक्टर सहसा इट्राकोनॅझोल देतात, बहुधा एक आठवडा चालू, एक बंद. अधूनमधून यकृताची रक्ततपासणी. सोबत आठवड्यातून दोनदा लाइम सल्फरच्या (चुना-गंधकाच्या) पाण्यानं अंग भिजवायचं. सडक्या अंड्यांचा वास येतो, इलाज नाही.

आमच्या बोक्याच्या कानामागे रुपयाएवढा चट्टा होता. केस उगवले म्हणून गोळ्या थांबवल्या, तीन आठवड्यांत शेपटीवर नवा. कल्चर (केसांतली बुरशी वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आल्याशिवाय थांबू नका. गळालेल्या केसांतले बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा केस रोज उचला. हातमोजे घाला, तुम्हालाही होतं.