ठेव मोडून पुस्तक काढावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेला कराराचा मसुदा, दोन्ही मी दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालात. सहा वर्षं खपून पहिली कादंबरी पूर्ण केलीत. तीन प्रकाशकांकडे पाठवली, दोघांनी नकार कळवला आणि तिसऱ्यांकडून आठ महिने झाले तरी उत्तर नाही. मग एका संस्थेला हस्तलिखित पाठवलंत आणि नऊ दिवसांत फोन आला, 'आमच्या निवड समितीनं तुमची कादंबरी एकमतानं स्वीकारली आहे.' पुस्तक 'भागीदारीत' काढायचं असल्यामुळे लेखकाचा वाटा म्हणून त्यांनी एक रक्कम मागितली आहे. ती तुमच्या आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे आणि त्यासाठी तुम्ही एक मुदत ठेव मोडायच्या विचारात आहात. ठेवीची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे. पत्नीचा थोडा विरोध आहे, आणि तुम्ही मला विचारलंत, 'ही गुंतवणूक म्हणून कशी आहे?'

आधी उत्तर देते. ही गुंतवणूक नाही. ठेव मोडू नका आणि या करारावर सही करू नका. पुस्तक काढूच नका, असं मात्र मी म्हणत नाहीये. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

तुम्हाला कराराचं नववं कलम सगळ्यात गोड वाटलं आहे, कारण त्यात '५० टक्के रॉयल्टी' लिहिलंय. 'मोठे प्रकाशक १० टक्केसुद्धा देत नाहीत,' असं तुम्ही कौतुकानं लिहिलंयत. पण दुसऱ्या पानावर व्याख्यांमध्ये रॉयल्टी कशावर मोजायची ते दिलंय: 'निव्वळ प्राप्तीवर', म्हणजे खर्च वजा जाऊन जे उरेल त्यावर. पुस्तकाची छापील किंमत १०० धरा. विक्रेता आणि वितरक मिळून ५० घेतात. मागणी येईल तसतशी एकेक प्रत छापायची, तर छपाई महाग पडते, म्हणून तिचे ३० धरू. उरले २०. त्याचे ५० टक्के म्हणजे १०. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्के रॉयल्टी कित्येक वर्षांपासून रूढ आहे, साध्या बांधणीवर साडेसातच्या आसपास. म्हणजे ५० टक्क्यांच्या करारातही तुमच्या हातात १०च पडणार आहेत, आणि त्यासाठी आठ महिन्यांचा घरखर्च आधी मोजायचा आहे.

आता हिशेब पुढे नेऊ. त्यांनी मागितलेली रक्कम म्हणजे पुस्तकाच्या ६०० प्रतींची छापील किंमत होते. एका प्रतीमागे तुम्हाला किमतीचा दहावा हिस्सा मिळणार. तेव्हा नुसती मुद्दल परत यायला ६००० प्रती खपायला हव्यात. तुम्ही स्वतः हिंडून विकल्यात तरी लेखकाला ४० टक्के सवलतीत प्रत मिळणार आहे, म्हणजे एका प्रतीमागे ४० सुटतात आणि १५०० प्रती हातोहात विकाव्या लागतील. तुमच्या ओळखीची माणसं किती, त्यातली विकत घेऊन वाचणारी किती, हे कागदावर नावं लिहून मोजा. मी बऱ्याच जणांकडून ही यादी करून घेतली आहे. शंभराच्या आसपास लिहिणारा हात थांबतो.

ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ ऑथर्स आणि रायटर्स गिल्ड या लेखकांच्या दोन संघटनांनी २०२२ मध्ये, लेखकांकडून पैसे घेऊन पुस्तकं काढणाऱ्या कंपन्यांबद्दल एक अहवाल प्रसिद्ध केला. अनुभव कळवणाऱ्या लेखकांपैकी ९४ टक्के लोकांचे पैसे बुडाले होते. एका करारामागे खपलेल्या प्रती साधारण ६७. अशा पाहणीत तोंड पोळलेली माणसं जास्त पुढे येतात, हे मान्य करूनही ६७ आणि ६००० यांतलं अंतर मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, संस्था तरी इतका तोटा का सोसेल? ती सोसतच नाही. व्यावसायिक प्रकाशक पुस्तकावर स्वतःचे पैसे लावतो. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, वितरण हे सगळं त्याच्या खिशातून होतं, आणि वाचकानं पुस्तक घेतलं तरच ते पैसे परत येतात. म्हणून तो चोखंदळ असतो, वेळ लावतो, नकार देतो. तुमच्या करारातल्या संस्थेची कमाई मात्र तुम्ही पैसे भरलेत त्याच दिवशी झालेली असते. त्यानंतर एकही प्रत खपली नाही तरी तिचं काही अडत नाही. तिचं गिऱ्हाईक वाचक नसून तुम्ही आहात. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत की करारातली बाकीची कलमं आपोआप उलगडतात.

'१००० प्रतींपर्यंत छपाई' हे कलमच पाहा. 'पर्यंत' या शब्दामुळे पन्नास प्रती छापल्या तरी करार पाळल्यासारखा होतो. हक्क 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' त्यांच्याकडे जातात, म्हणजे तुमच्या हयातीत आणि नंतरही कित्येक वर्षं. पुस्तक खपत नसेल तर हक्क परत कधी मिळणार, याचं कलमच नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्यांच्या नावावर आहे. मुखपृष्ठाच्या आणि मजकुराच्या तयार फायली कुणाच्या मालकीच्या, यावर अवाक्षर नाही. उद्या वेगळं व्हायचं ठरवलंत तर पैसे भरून झालेलं सगळं काम तुम्हाला पुन्हा पैसे देऊन करून घ्यावं लागेल. आणि परिशिष्टात 'प्रसिद्धी', 'परीक्षण', 'प्रदर्शनात मांडणी' अशी वेगवेगळ्या दरांची यादी आहे, ती नीट बघा. पहिली रक्कम भरल्यावर फोन सुरू होतात ते या यादीसाठी.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई निवृत्तीनंतरच्या पैशांचं नियोजन करून घ्यायला माझ्याकडे आल्या. जमाखर्चात एक मोठा खड्डा होता आणि त्या विषय टाळत होत्या. शेवटी मला घरी घेऊन गेल्या आणि पलंगाखालचे खोके ओढून दाखवले. त्यांच्या कवितासंग्रहाच्या चारशे प्रती, 'लेखकासाठी खास सवलतीत' घेतलेल्या. वरचा खोका तेवढा फोडलेला होता. मी एक प्रत हातात घेतली, तर पान ६४ नंतर पुन्हा ४९ ते ६४ आलेली, आणि पुढची सोळा पानं गायब. एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा संच, चुकीचा बांधला गेला होता. त्यांनी कळवलं होतं. पैसे भरेपर्यंत रोज फोन करणाऱ्या प्रतिनिधीनं नंतर एकदाही फोन उचलला नाही. पैशांचा खड्डा आम्ही चार वर्षांत भरून काढला. पण त्या बाई पुन्हा लिहायला बसल्या नाहीत, आणि मला त्या पैशांपेक्षा ही गोष्ट जास्त लागते. कविता खरंच चांगल्या होत्या.

निवड समितीच्या एकमतावरही फार विसंबू नका. अमेरिकेतल्या काही विज्ञानकथा लेखकांनी २००४ मध्ये मिळून मुद्दाम एक अतिशय वाईट कादंबरी लिहिली. त्यात दोन प्रकरणं शब्दशः सारखी होती, एक प्रकरण गाळलेलं होतं आणि एक तर संगणकाच्या प्रोग्रामनं जुळवलेलं होतं. 'आम्ही निवडक पुस्तकंच घेतो' असं सांगणाऱ्या एका संस्थेनं ती स्वीकारली, आणि लेखकांनी २००५ च्या जानेवारीत खरा प्रकार जाहीर केल्यावर घाईघाईनं प्रस्ताव मागे घेतला. तुमची कादंबरी वाईट आहे, असं मला यातून अजिबात सुचवायचं नाही. तुम्ही पाठवलेली पहिली वीस पानं मी वाचली आणि विहिरीवरचा प्रसंग मनात राहिला. पण तिची पारख समितीच्या त्या होकारातून झालेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. या उपद्व्यापात पुढाकार घेणारे जेम्स मॅकडॉनल्ड नवोदितांना एक साधं सूत्र सांगत आले आहेत: पैसा लेखकाच्या दिशेनं वाहायला हवा.

व्यावसायिक प्रकाशकाचा रस्ताही फुलांनी सजवलेला नाही, हे मी लपवणार नाही. तिथल्या नवोदितांच्या तक्रारी मी भरपूर ऐकल्या आहेत. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, होकारानंतर पुस्तक हातात यायला वर्ष-दोन वर्षं जातात, पहिल्या पुस्तकाची जाहिरात जेमतेम होते, रॉयल्टीचा हिशेब मागून मागून मिळतो. आगाऊ मानधन मिळालंच तर ते बेताचं असतं, आणि रॉयल्टीतून ते फिटेपर्यंत पुढचे पैसे येत नाहीत. पण सर्वसाधारण करारात पुस्तक पडलं तरी ते मानधन परत द्यावं लागत नाही. म्हणजे वाईटात वाईट काय होईल, तर तुमची दोन वर्षं जातील आणि मन खट्टू होईल. ठेव जागेवर राहील. तुमच्या वयात दोन वर्षंही थोडी नाहीत, हे मला कळतं.

तुम्ही फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचं उदाहरण दिलंत. खरं आहे, १९१३ मध्ये त्यांनी आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड पदरमोड करून काढला. पण त्यांच्यापाशी वारशानं आलेली संपत्ती होती, त्या खर्चानं त्यांच्या घरात काही कमी पडणार नव्हतं. आणि पुढचा खंड १९१९ मध्ये आला तो आधी नाकारणाऱ्या प्रकाशकाकडूनच, त्याच्या खर्चानं. मला तुमच्यासाठी मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. त्यांची सशाची गोष्ट प्रकाशकांनी परत पाठवली, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतः छापखाना गाठून फक्त २५० प्रती छापून घेतल्या. त्या संपल्यावर आणखी २००. पुढच्याच वर्षी एका व्यावसायिक प्रकाशकानं ती गोष्ट काढली. त्यांनी मुद्रकाला छपाईचे पैसे दिले. प्रकाशक म्हणवणाऱ्या कुणालाही 'वाटा' दिला नाही, त्यामुळे हक्क पूर्णपणे त्यांच्याकडे होते आणि पुढच्या करारात आडवं यायला कुणी नव्हतं.

तुम्हालाही हेच करता येईल. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याचे दोन खिसे असतात, एक लेखकाचा आणि एक प्रकाशकाचा. प्रकाशकाच्या खिशातून खर्च होणारच, पण त्या बदल्यात हक्क, आयएसबीएन, फायली आणि विक्रीतला सगळा नफा त्याच खिशात यायला हवा. तुमच्या करारात खर्च तुमचा आणि बाकी सगळं त्यांचं आहे. त्याऐवजी एक चांगला संपादक बघा, मुद्रितशोधन करून घ्या, मुखपृष्ठ एखाद्या चित्रकाराकडून काढून घ्या. प्रत्येकाला त्याच्या कामाचे वेगवेगळे पैसे द्या, पावती घ्या, फायली तुमच्याकडे ठेवा. यात जास्तीत जास्त पैसे संपादनावर घाला, कारण उद्या प्रकाशक मिळाला तरी ते वाया जाणार नाहीत. पहिल्या खेपेला शंभर प्रती पुरेत. ई-पुस्तकाला तर छपाईचा खर्चही नाही.

पैसे कुठून आणायचे? ठेवीतून नाही. ७ टक्क्यांनी ठेव साधारण दहा वर्षांत दुप्पट होते (७२ ला व्याजदरानं भागलं की वर्षं मिळतात), तेव्हा आज १०० काढलेत तर दहा वर्षांनी २०० कमी असतील, आणि त्या वयात दवाखान्याची बिलं हप्त्यानं येत नाहीत. तुमच्या आकड्यांवरून महिन्याला घरखर्चाच्या दहाव्या हिश्शाएवढी शिल्लक पडते. ती पुस्तकासाठी म्हणून वेगळ्या खात्यात टाकत जा. दीड वर्षात संपादन, मुखपृष्ठ आणि शंभर प्रती एवढं त्यात बसायला हवं. ते पैसे परत येतील असं धरू नका. एखादा छंद किंवा प्रवास यावर जसा आनंदानं खर्च करतो, तसा हा खर्च समजा. पत्नीलाही तो या शब्दांत सांगितलात तर त्यांचा विरोध मावळेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांची हरकत पुस्तकाला नाहीच, ठेवीला आहे.

ही दीड वर्षं कादंबरी पाठवणं थांबवू नका. ज्यांच्याकडून आठ महिने उत्तर नाही त्यांना एक नम्र आठवण करा, आणि आणखी पाच-सहा प्रकाशक निवडून त्यांनाही पाठवा. कुणी वाचनशुल्क मागितलं तर तिथून हस्तलिखित परत घ्या.

त्या संस्थेला तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल, तर एक छोटं पत्र लिहा: गेल्या वर्षी काढलेल्या पहिलटकर लेखकांच्या पुस्तकांच्या, लेखकांनी स्वतः घेतलेल्या सोडून, किती प्रती खपल्या ते लेखी कळवावं, आणि त्यातल्या तीन लेखकांशी बोलता येईल का. उत्तर येईपर्यंत एक पैसाही भरू नका, 'सवलत या महिन्याअखेर संपते' असं सांगितलं तरी नाही. आणि ठेवीची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे, तर त्याआधी बँकेत जाऊन नूतनीकरणाचा अर्ज भरून या. जमलं तर दोघांनी मिळून जा.